जमैकातल्या बँका कर्ज कुणाला देत होत्या? साठ वर्षांचा हिशोब आणि एक भिशी

रेवा_सांगली

२०१२ ते २०१५ अशी तीन वर्षं मी जमैकात, किंग्स्टनला होते. काम बँकेच्या संगणकप्रणालीचं: जुन्या प्रणालीतली खाती तपासून नव्या प्रणालीत उतरवायची. हे काम करताना ताळेबंद आपोआप वाचला जातो. आपल्याकडच्या सहकारी बँकेत अशीच दोन कामं केलेली असल्यामुळे माझी अपेक्षा ठरलेली होती. लोकांच्या ठेवी आल्या की पुढे त्यांची कर्जं होतात. दुकानदार, घर, ट्रॅक्टर, सोनेतारण. तिथे मात्र सरकारी रोख्यांची, म्हणजे बँकेने सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांची, पानं संपता संपेनात आणि दुकानदारांची कर्जं चटकन संपली. शेतीचं पान तर जेमतेम होतं.

मी जिथे भाड्याने राहायचे त्या घरमालकीण बाईंचं किंग्स्टनमधल्या हाफ वे ट्री भागाजवळ केस करायचं छोटं दुकान होतं. त्यांना दोन नवे ड्रायर आणि पाण्याची टाकी घ्यायची होती. बँकेने तारण मागितलं. क्लॅरेंडन या जिल्ह्यात त्यांच्या आजोबांची जमीन होती, पण कागद आजोबांच्याच नावावर. तिथे याला ‘फॅमिली लँड’ म्हणतात. घराण्यातल्या सगळ्यांचा तिच्यावर हक्क, म्हणून ती विकायची नाही आणि बँकेकडे गहाण टाकायलाही जमत नाही. एका सातबाऱ्यावर चौदा नावं मी आमच्याच घरी पाहिली आहेत, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही.

बाईंनी शेवटी पैसे उभे केले ते ‘पार्डनर’मधून. लिहितात पार्टनर, बोलतात पार्डनर. ही सरळ आपली भिशी. वीस जणी, दर आठवड्याला प्रत्येकी ५,००० जमैकन डॉलर, जिची पाळी तिला एकरकमी एक लाख. भरायच्या रकमेला ‘हँड’ म्हणतात, उचलायच्या रकमेला ‘ड्रॉ’, आणि वही सांभाळणारी बाई म्हणजे ‘बँकर’. बोली नाही, व्याज नाही. ज्याचा ड्रॉ त्याने बँकरच्या हातावर खुशीने थोडे ठेवायचे, एवढंच. निळ्या पट्ट्यांची शाळेची वही, नावांपुढे टिकमार्क, आणि ज्या आठवड्यात कुणी चुकलं तिथे छोटं गोल. त्या वहीत बुडीत एकही नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. परत आल्यावर वाचत राहिले, तिथल्या सहकाऱ्यांशी अजून बोलणं होतं. ज्या देशात बायका एकमेकींना वीस आठवडे बिनव्याजी पैसे देतात आणि ते परत येतात, तिथल्या बँकांना कर्जदार का सापडत नव्हते? माझं मत आधीच सांगते. कर्जदार होते. पण बँकेच्या दारातल्या रांगेत सरकार पहिलं उभं होतं, आणि ते हटल्याशिवाय मागच्यांचा नंबर लागणार नव्हता.

थोडा मागचा इतिहास. १८३० च्या दशकात आलेली कलोनियल बँक, जी पुढे १९२५ मध्ये बार्कलेजमध्ये गेली, आणि १८८९ मध्ये आलेली कॅनडाची बँक ऑफ नोव्हा स्कोशिया या मुख्यतः व्यापाराच्या बँका. नोव्हा स्कोशियाने टोरांटोत शाखा उघडण्याआधी किंग्स्टनला उघडली, कारण कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदराचा खारवलेला मासा जमैकात यायचा आणि तिथली साखर नि रम तिकडे जायची. माल जहाजावर चढला की पैसे द्यायचे, माल विकला की वसूल करायचे. डोंगरातल्या शेतकऱ्याला पाच वर्षांसाठी पैसे देणं या हिशोबात बसत नव्हतं. घरं बांधायला लोकांनी आपल्या बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे ठेवी घेऊन घरकर्ज देणाऱ्या संस्था, काढल्या, त्यातली एक १८७४ मध्ये पश्चिमेकडच्या वेस्टमोरलंड जिल्ह्यात. पगारदारांसाठी १९४१ पासून क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्या पतसंस्थाच.

१९६२ ला स्वातंत्र्य मिळालं. त्याच्या वर्षभर आधी, मे १९६१ मध्ये, बँक ऑफ जमैका ही मध्यवर्ती बँक सुरू झाली होती. सत्तरच्या दशकात मायकल मॅन्ली यांच्या सरकारने १९७७ मध्ये बार्कलेजचा जमैकातला धंदा ताब्यात घेतला आणि त्याची नॅशनल कमर्शियल बँक झाली. १९७६ मध्ये नॅशनल हाउसिंग ट्रस्ट आला: पगारातून कामगाराचे २ टक्के, मालकाचे ३ टक्के, आणि त्यातून स्वस्त गृहकर्जं. ही योजना मला फार आवडते. आजही तिथला सामान्य नोकरदार घराचा विचार करतो तो ट्रस्टच्या पॉइंटांवरून, म्हणजे कर्जाच्या पात्रतेच्या गुणांवरून.

नव्वदचं दशक वेगळं लिहिते, तिथेच सगळं उलटं झालं.

बँकवाले काका

रेवाताई, छान सुरुवात. मी ३४ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. सरकारी रोख्यांचं म्हणाल तर आपणही काही मागे नव्हतो. १९९१ च्या सुमारास आपल्याकडे एसएलआर (ठेवींतला मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायचा सक्तीचा भाग) ३८.५ टक्के आणि सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडे ठेवायची रोख) १५ टक्के होता. शंभर रुपये ठेव आली की निम्म्याहून जास्त सरकार आणि रिझर्व्ह बँकेकडे. बँकसुधारणांसाठीच्या नरसिंहम समितीनंतर ते हळूहळू खाली आलं. मग जमैकात वेगळं काय होतं?

आणखी एक. कॅरिबियन आपल्या बँकवाल्यांना अगदीच अनोळखी नव्हतं. बँक ऑफ बडोदाची शाखा गयानात जॉर्जटाऊनला १९६६ पासून होती. बदलीवर जाऊन आलेले लोक मला भेटले आहेत.

रेवा_सांगली

काका, प्रश्न बरोबर जागी आहे. नव्वदच्या मध्यात तिथे बँकांना २५ टक्के रोख आणि ती धरून एकूण ५० टक्के तरल मालमत्ता ठेवावी लागायची. म्हणजे आकडा आपल्यासारखाच. फरक दोन. आपल्याकडे उरलेल्यातले ४० टक्के अग्रक्रम क्षेत्राला, म्हणजे शेती, लहान उद्योग वगैरेंना, द्यायचं बंधन होतं, तिथे तसं नव्हतं. आणि आपण दारं हळूहळू उघडली, त्यांनी १९९१ मध्ये परकीय चलनावरचे निर्बंध एका फटक्यात काढले. त्या वर्षी महागाई ८० टक्क्यांच्या आसपास गेली. जमैकन डॉलर कोसळला.

बँकांवर राखीव निधीचं ओझं, पण मर्चंट बँका (उद्योग-व्यापाराला पैसे पुरवणाऱ्या संस्था), बिल्डिंग सोसायट्या आणि विमा कंपन्यांवर ते कमी. मग एकाच समूहाने बँकही काढली, मर्चंट बँकही, विमा कंपनीही, आणि पैसा या खिशातून त्या खिशात फिरायला लागला. विमा कंपन्या पॉलिसीच्या नावाखाली अल्पमुदतीच्या ठेवीच घेत होत्या आणि ते पैसे हॉटेलं, जमिनी, कार्यालयांच्या इमारतींत घालत होत्या. महागाई चढती होती तोवर जमिनीचे भाव चढत होते आणि सगळे हुशार वाटत होते.

मग महागाई आवरायला मध्यवर्ती बँकेने पैसा आवळला. ट्रेझरी बिलावर, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यावर, ४० टक्क्यांच्या वर व्याज. बँकेचं कर्ज त्याहून महाग. साधा हिशोब करा: दहा लाखांचं कर्ज, ५० टक्के व्याज, तीन वर्षं हप्ता थकला तर ३३ लाख ७५ हजार. पोल्ट्रीवाला असो, शिवणाचा कारखाना असो, कोणता धंदा ५० टक्के कमावतो?

जुलै १९९६ मध्ये सेंच्युरी नॅशनल बँक सरकारने ताब्यात घेतली. त्यानंतर एकामागून एक. जानेवारी १९९७ मध्ये फिनसॅक नावाची कंपनी काढून सरकारने बँका आणि विमा कंपन्या वाचवल्या. ठेवीदाराचा पैसा बुडू दिला नाही, हे मोठंच. पण खर्च देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या घरात गेला. शंभर रुपये कर्जातले पंचवीसहून जास्त थकलेले होते.

आता मुद्दा बघा. सरकारकडे रोख पैसे नव्हते. त्याने बँकांची बुडीत कर्जं उचलली आणि बदल्यात स्वतःचे रोखे दिले. एका रात्रीत बँकेच्या वहीतून दुकानदार, शेतकरी, हॉटेलवाला गेला आणि त्याच्या जागी सरकार आलं. मी पंधरा वर्षांनी जी पानं वाचत होते ती तिथून सुरू झाली होती.

अभय_म

ताई, यात सरकारची बाजू जरा मऊपणे मांडली आहे असं वाटतं. ५० टक्के व्याज हे आकाशातून पडलं नाही, तो धोरणाचा निर्णय होता. चांगले चालणारे धंदे त्याने मारले. बँका बुडाल्या कारण कर्जदार बुडाले, आणि कर्जदार बुडाले व्याजाने.

रेवा_सांगली

अभय, हा वाद तिथे अजून जिवंत आहे. तिथे तर क्रियापदच आहे: ‘आय गॉट फिनसॅक्ड’. म्हणजे माझं घरदार, धंदा त्यात गेला. आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी हे इतक्या शांतपणे सांगायचे की ऐकणाऱ्याला पुढे काय बोलावं सुचत नसे. त्यांच्या भावाचा बेकरीचा धंदा होता.

माझं मत असं की दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतो. ज्या संस्था आधी कोसळल्या, तिथे आपल्याच समूहाच्या कंपन्यांना कर्ज देणं आणि अल्पमुदतीच्या पैशातून इमारती बांधणं हा मूळ रोग होता. व्याज २० टक्के असतं तरी त्या टिकल्या नसत्या. पण लहान कर्जदाराबद्दल तुझं म्हणणं मला मान्य आहे. बेकरीवाल्याने कुठल्या समूहाचे पैसे फिरवले नव्हते. ठेवीदाराला वाचवलं, बँकेचं नाव वाचवलं, कर्जदाराला वाचवायला कुणी आलं नाही. उलट २००२ मध्ये फिनसॅककडची थकीत कर्जं अमेरिकेतल्या एका खरेदीदाराला अगदी कमी किमतीत विकली गेली आणि पुढची कित्येक वर्षं वसुली चालू राहिली. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. निदान कर्जदाराला त्याच कमी किमतीत स्वतःचं कर्ज सोडवून घ्यायची संधी आधी द्यायला हवी होती.

तगर

मी अर्थशास्त्रातली नाही, पण भिशी वाचून थांबले. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत आईची भिशी होती, आणि चिठ्ठी टाकायची असायची. जमैकात पहिला नंबर कोणाला, हे कसं ठरतं? आणि बँक देत नाही म्हटल्यावर लोक फसव्या योजनांकडे वळले नाहीत का? आपल्याकडे तेच होतं.

रेवा_सांगली

तगर, चिठ्ठी नाही. बँकर ठरवते. कुणाच्या मुलाची शाळेची फी, कुणाचं छप्पर, हे बघून. सप्टेंबरचे ड्रॉ मिळवायला चढाओढ, कारण शाळा तेव्हा सुरू होतात. नवीन बाईला शेवटचा नंबर, म्हणजे आधी तिने सगळे हँड भरून विश्वास कमवायचा. बँकेत जे काम क्रेडिट ब्युरो (कर्जदाराच्या परतफेडीची नोंद ठेवणारी संस्था) करतो ते इथे बँकरचा चेहरा करतो. गंमत अशी की तिथल्या एका मोठ्या संस्थेने पार्टनरच्याच नावाने बचत योजना काढली होती. बँकेला लोकांकडून शिकावं लागलं, ते मला फार बरं वाटलं.

आणि हो, फसव्या योजना. २००६ ते २००८ मध्ये ओलिंट आणि कॅश प्लस अशा बिनपरवाना गुंतवणूक योजना जोरात होत्या. महिन्याला १० टक्के परतावा सांगायचे. चर्चमधली मंडळी, शिक्षक, पोलीस, सगळे अडकले. काहींनी घरावर कर्ज काढून पैसे घातले होते. २००८ मध्ये सगळं खाली आलं. बँकेचा परतावा नकोसा आणि बँकेचं कर्ज मिळेनासं झालं की मधली जागा असे लोक भरतात. घरमालकीण बाईंच्या बहिणीचे पैसे त्यात गेले होते. त्या म्हणायच्या, “पार्डनरमध्ये मला तुझ्या घराचा पत्ता माहीत असतो.”

दर्यावर्दी

बोटीवर असताना किंग्स्टन आणि पोर्ट ऑफ स्पेन दोन्ही बंदरं केली आहेत. त्रिनिदादमध्ये या भिशीला ‘सू-सू’ म्हणतात, गयानात ‘बॉक्स हँड’, बार्बाडोसमध्ये ‘मीटिंग टर्न’. किंग्स्टनच्या सबाइना पार्कला बाहेरून नमस्कार करून आलो. १९७१ मध्ये आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी तिथे २१२ काढल्या होत्या.

प्रश्न: त्रिनिदादमध्ये तेल आहे, वायू आहे. तिथे बँकांचं चित्र वेगळं असेल ना?

रेवा_सांगली

वेगळं आहे. तिथे तेला-वायूचे भाव चढले की सरकार खर्च करतं आणि बँकांत पैसा तुंबतो. अडचण पैशाची नाही, तो कुठे लावायचा याची. पण समूहाच्या खिशांचा खेळ तिथेही झाला. जानेवारी २००९ मध्ये सीएल फायनान्शियल हा अवाढव्य समूह आणि त्याची क्लिको ही विमा कंपनी सरकारला वाचवावी लागली. विमा कंपनीने ठेवींसारखी चढ्या व्याजाची योजना विकायची आणि पैसे समूहात फिरवायचे. जमैकात बारा-तेरा वर्षं आधी जे झालं तेच. शेजारच्या बेटाचा धडा दुसऱ्या बेटाने वाचला नाही, याची मला खंत वाटते. धागा मात्र जमैकावरच ठेवते.

तर २००० नंतर. सरकारचं कर्ज वाढतच राहिलं. २००३ मध्ये ट्रेझरी बिलाचा दर पुन्हा ३० टक्क्यांच्या वर गेला. बँकेच्या जागी मी असते तर? सरकार ३० टक्के देतंय, बुडायची भीती कमी, फाइल करायची नाही, जमीन बघायला क्लॅरेंडनच्या डोंगरात जायचं नाही. कर्ज द्यायचं कसब वापरलं नाही की ते जातं. शाखेतला माणूस धंदा बघून अंदाज बांधायचं विसरतो आणि तारणाचा कागद तेवढा मागतो. सहकारी म्हणायचा, आमच्याकडे एक पिढी कर्ज-अधिकाऱ्यांची तयारच झाली नाही. हे वाक्य मी विसरले नाही.

मग ही गाठ सुटली कशी?

फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने देशांतर्गत रोखेधारकांना सांगितलं, जुने चढ्या व्याजाचे रोखे द्या, कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे घ्या. जवळजवळ सगळ्यांनी दिले. फेब्रुवारी २०१३ मध्ये पुन्हा तेच, आणि मे मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार. मी तेव्हा तिथेच होते. सरकारचं कर्ज तेव्हा जीडीपीच्या १४५ टक्क्यांच्या आसपास होतं. करार असा की व्याज सोडून दरवर्षी जीडीपीच्या साडेसात टक्के शिल्लक टाकायची. त्याचा अर्थ रस्त्यावर दिसायचा: शिक्षक, परिचारिका यांचे पगार गोठलेले, डॉलर दर आठवड्याला महाग, भाकरी महाग. उद्योग, कामगार संघटना, सरकार यांची एक देखरेख समिती होती, ती ठरावीक काळाने आकडे जाहीर करायची. लोक ते टॅक्सीत बोलायचे. सरकार बदललं तरी २०१६ नंतर दुसऱ्या पक्षाने तीच वाट धरली. हे कौतुकाचं आहे, आणि त्याची किंमत गरिबाने जास्त मोजली हेही तितकंच खरं. मार्च २०२४ पर्यंत कर्ज ७५ टक्क्यांच्या खाली आलं.

रोख्यांचं व्याज उतरलं तसं बँकांना बाहेर बघावं लागलं. मध्यवर्ती बँकेचा दर ऑगस्ट २०१९ मध्ये अर्ध्या टक्क्यावर आला होता. ज्या देशाने ४० टक्के पाहिले तिथे अर्धा! खाजगी क्षेत्राचं कर्ज त्या काळात वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढलं. थकीत कर्जं शंभरात दोन-तीनवर आली.

बँकवाले काका

हे वाढलेलं कर्ज गेलं कुणाकडे? आमच्याकडे पण कर्ज वाढलं की छाती फुगवायचे, आणि बघायला जावं तर सगळी गाडीची आणि वैयक्तिक कर्जं.

रेवा_सांगली

काका, इथेच माझी चिंता आहे. कुटुंबांची कर्जं आघाडीवर राहिली. गाडी, घर, वैयक्तिक. जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्यांना तिथे ‘डिपोर्टी’ म्हणतात, म्हणजे हद्दपार करून पाठवलेल्या. टोयोटा प्रोबॉक्स घेतली की दुसऱ्या दिवसापासून ती टॅक्सी. म्हणून गाडीचं सगळंच कर्ज चैनीचं नाही, पुष्कळांच्या पोटाचं साधन आहे. पर्यटन, बांधकाम, कॉल सेंटर यांनाही मिळालं. पण डोंगरातली कॉफी, रताळी-याम लावणारा शेतकरी, केसांच्या दुकानाची बाई, यांच्यापर्यंत ते उशिराने आणि थोडं पोचलं.

सुधारणा झाल्या आहेत. २०१० च्या कायद्याने क्रेडिट ब्युरो आले. २०१३ च्या कायद्याने जंगम वस्तू, म्हणजे यंत्रं, माल, येणी, गुरं, तारण म्हणून नोंदवता यायला लागली. जमिनीचा कागद नसलेल्याला हे दार आहे. डेव्हलपमेंट बँक ऑफ जमैका लहान धंद्याच्या कर्जाच्या काही भागाची हमी देते. पण कायद्याने हक्क नोंदवता येतो, वस्तूची किंमत करणारा माणूस लागतोच. पुन्हा तोच कर्ज-अधिकारी.

अभय_म

महागाई आणि व्याज पुन्हा चढलं तर बँका परत रोख्यांकडे पळणार नाहीत का?

रेवा_सांगली

परीक्षा झाली. ऑक्टोबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेचा दर अर्ध्या टक्क्यावरून ७ टक्क्यांवर गेला, २०२४ मध्ये उतरायला लागला. या वेळी बँकांनी कर्ज थांबवलं नाही, कारण सरकारला फार उसने घ्यायचेच नव्हते. रांगेत पुढे कुणी नव्हतं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा मला त्यात दिसतो. आणखी एक, २०२१ पासून मध्यवर्ती बँकेला कायद्याने स्वायत्तता आहे, महागाई ४ ते ६ टक्क्यांत ठेवायची. त्यांनी हे लोकांना समजावायला रेगेचे व्हिडिओ केले होते. स्थिर महागाई म्हणजे रेगेची बेसलाइन, असं. तिथल्या माणसाला ते लगेच कळतं.

तगर

ताई, ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा चक्रीवादळ तिथेच आलं ना? तुमच्या घरमालकीण बाई बऱ्या आहेत का?

रेवा_सांगली

हो, २८ ऑक्टोबरला, वेस्टमोरलंडच्या किनाऱ्यावर. म्हणजे १८७४ ची ती बिल्डिंग सोसायटी जिथे निघाली तो भाग. पश्चिमेकडे छपरंच राहिली नाहीत. सरकारने आधीच घेतलेल्या १५ कोटी अमेरिकन डॉलरच्या आपत्ती-रोख्याची (वादळ आलं तर पैसे देणारा, विम्यासारखा रोखा) पूर्ण रक्कम मिळाली, पण नुकसान त्याच्या कितीतरी पट आहे. सरकारला पुन्हा उसने घ्यावे लागणार, आणि मी त्या रांगेकडे काळजीने बघते आहे.

बाई किंग्स्टनला असल्यामुळे सुखरूप आहेत. क्लॅरेंडनच्या त्या जमिनीवरचं चुलतभावाचं छप्पर गेलं. बँकेत कुणी गेलं नाही. बाईंनी फोनवर सांगितलं, पार्डनरमध्ये ज्या बाईचा ड्रॉ त्या आठवड्यात होता तिने आपला नंबर मागे घेतला आणि पत्रे त्याच पैशातून आले. वही अजून तीच आहे का विचारलं, तर म्हणाल्या, ती कधीच भरली, ही सातवी.